लोखंडाची तहान

“ताई, मूठ धरून उचल. पात्याला बोट लावू नकोस, घामानं गंज चढतो,” मामेभाऊ हळूच म्हणाला. आधी टेबलामागे बसलेल्या कारागिराला विचारायचे, त्याने मान हलवली की मगच सुरी उचलायची, हा इथला शिरस्ता त्याने गाडीतच मला पढवून ठेवला होता.

मी सुरी दिव्याखाली तिरपी केली आणि करड्या पोलादावर लाटा उठल्या. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर उरतात तशा, एकीत एक गुंतलेल्या. हात जरा कलला की त्या पुढे सरकल्यासारख्या वाटत. माझ्या तोंडून आपसूक निघून गेले, “काय पाणी आहे हिचं!”

“पाणी? पॅटर्न म्हण ना. पाणी कुठून आलं यात?”

भाऊ अमेरिकेत गेली अनेक वर्षे संगणकावर काम करतो आणि अलीकडे शनिवार-रविवारी घराच्या गॅरेजात छोटी भट्टी पेटवून सुऱ्या घडवायला शिकतो आहे. लोखंडाला पाणी कुठून आले, हा त्याचा प्रश्न रास्त होता. उभ्या उभ्या मला त्याचे धड उत्तर देता आले नाही. ते शोधत मी त्या दिवशी टेबलामागून टेबले पालथी घातली, आणि मनातल्या मनात शब्दामागून शब्द.

हे अटलांटा शहर. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात आगगाडीचा मार्ग जिथे संपायचा तिथे उभी राहिलेली ही वस्ती. सुरुवातीला तिला नुसते ‘टर्मिनस’ म्हणत. १८४३ साली तिचे मार्थाज्‌व्हिल झाले, आणि १८४७ मध्ये आजच्या नावाने ते नगर म्हणून नोंदले गेले. ज्या मुंबईकरांच्या तोंडी अजून ‘व्हीटी’ आहे, त्यांना त्या जुन्या नावाचा अर्थ समजावून सांगायला नको. दर वर्षी जूनमध्ये इथे ‘ब्लेड शो’ भरतो. हाताने घडवलेल्या सुऱ्यांचा जगातला सर्वांत मोठा मेळा म्हणून तो ओळखला जातो. भल्या मोठ्या दालनात टेबलांच्या रांगा, टेबलावर कापड, कापडावर सुऱ्या आणि त्यांच्यामागे त्या घडवणारा माणूस. हवेत तेलाचा, चामड्याचा आणि तासलेल्या लाकडाचा वास.

‘ब्लेड’ हा शब्द मराठीत फारच आकसून गेला आहे. आपल्याकडे ब्लेड म्हटले की दाढीचे. पण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता झाडाचे पान. जर्मन भाषेत त्याचा भाऊ ‘ब्लाट’ आजही पान याच अर्थाने नांदतो, झाडाचे पान आणि वहीचेही. इंग्रजी माणूस गवताच्या पात्याला अजूनही ब्लेडच म्हणतो. आणि आपण? आपणही गवताचे पाते म्हणतो, आणि सुरीचेही पातेच. आपले पाते आले संस्कृत ‘पत्र’वरून. त्याच पत्राचा परिवार केवढा मोठा आहे: कांद्याची पात, जेवणाची पत्रावळ, छपराचा पत्रा, पोस्टाने येणारे पत्र, आणि पानासारखे बारीक ते ‘पातळ’. डोळ्याचे पाते लवते, तेही हेच. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता धातूच्या पट्टीत पानच पाहिले. मधे एक शीर, दोन्ही कडांना निमुळते होत गेलेले अंग, पुढे टोक. समोरच्या टेबलावर एका कारागिराने मधोमध उंचवटा ठेवलेली दुधारी कट्यार मांडली होती. आंब्याचे कोवळे पान आठवावे अशी.

‘नाइफ’ हा शब्द इंग्रजांना नॉर्स भाषेतून, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या लोकांकडून मिळाला. आज मुकाट बसलेला त्यातला ‘क’ तेव्हा उच्चारला जात असे. आपली ‘सुरी’ त्याहून लांबून आली आहे. संस्कृतात ‘क्षुर’ म्हणजे वस्तरा. ग्रीक भाषेत वस्तऱ्याला ‘क्सुरॉन’ म्हणतात, ते याच कुळातले. क्षुरापासून ‘क्षौर’ झाले, आणि लहान क्षुर ती ‘क्षुरिका’. प्राकृतात तिची ‘छुरिआ’ झाली. हिंदीने तो ‘छ’ जपला आणि ‘छुरी’ केली. मराठीच्या जिभेला मात्र छ गुळगुळीत करायची सवय. हिंदीची मछली ती आपला मासा, तिकडचा कछुआ तो आपला कासव, तिकडचा बछडा ते आपले वासरू. त्याच न्यायाने छुरीची सुरी झाली. सहाणेवर उगाळावा तसा एक वर्ण झिजला आणि शब्द हाताला मऊ लागू लागला.

‘चाकू’ परदेशी, तुर्की कुळातला, फारसीच्या वाटेने आलेला. वस्तरा फारसी, म्यानही फारसी. पण शब्दांचा गाव नुसत्या उगमावरून कळत नाही, त्यांची संगत पाहावी लागते. सुरी स्वयंपाकघरात राहिली. चाकू पेन्सिलीला टोक काढता काढता वर्तमानपत्राच्या ‘चाकूहल्ला’ या मथळ्यात जाऊन बसला. उत्तर प्रदेशातल्या रामपूर गावच्या कारागिरांची घडीची सुरी हा कसबाचा उत्तम नमुना, पण मुंबईच्या बोलीत ‘रामपुरी’ म्हटले की गुंडच उभा राहतो. एका गावाचे कसब एका शब्दाने असे बदनाम झाले. अटलांटात घडीच्या सुऱ्यांची टेबलेच्या टेबले होती. पाते उघडताना होणारा टक्‌ आवाज कारागीर कान देऊन ऐकत, सतारीची तार जुळवणारा ऐकतो तसा. रामपूरच्या माणसानेही तो असाच ऐकला असेल.

मराठीने हत्यारांसाठी आणखी एक सोय केली आहे, ती लिंगाची. विळी घरात, विळा शेतात. कोयती लहान कामाला, कोयता उसाच्या फडात. सुरी भाजीला, पण ‘सुरा’ म्हटले की अंगावर काटा येतो. पाते तेच असेल, एका मात्रेने त्याची जागा बदलते. कोयत्याचे मूळ कानडीकडे जाते. तिकडे ‘कोय्‌’ म्हणजे कापणे. अडकित्ताही तिकडचाच. त्यातली ‘अडके’ म्हणजे सुपारी. पोर्तुगीजांनी मलबारात हाच शब्द उचलला आणि युरोपात सुपारी ‘अरेका’ झाली. म्हणजे अडकित्त्यात आणि वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात एकच फळ लपले आहे.

या मेळ्यात मिरवणारा शब्द होता ‘कस्टम’. त्यासाठी मराठीत काय म्हणावे? माझ्या मनात ‘घडवून घेतलेली’ हेच आले. ‘घडवणे’ हे क्रियापद मला फार प्रिय आहे. संस्कृत ‘घट्‌’पासून घडणे आणि घडवणे दोन्ही आले. गोष्ट घडते आणि सुरी घडवतात. जे आपोआप होते आणि जे ऐरणीवर ठोकून करावे लागते, ती दोन्ही एकाच शब्दात मावतात. वस्तूच्या आकाराला आपण ‘घाट’ म्हणतो, तोही इथलाच. हातात धरायच्या भागाला ‘मूठ’ म्हणतो, ती तर सरळ ‘मुष्टि’. जो भाग धरायचा, त्याला धरणाऱ्या हाताचेच नाव.

दुपारी भाऊ मला दालनाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेला. विल्यम मोरान नावाच्या अमेरिकन लोहाराने १९७३ मध्ये थरांच्या पोलादाच्या सुऱ्या लोकांसमोर मांडल्या आणि जवळजवळ विसरले गेलेले कसब पुन्हा उजेडात आणले. १९७६ मध्ये त्याने पाती घडवणाऱ्या लोहारांची एक संस्था काढली. तिच्या परीक्षांसाठी आणलेल्या सुऱ्यांची पारख दर वर्षी याच मेळ्यात होते. पहिल्या पायरीला ‘जर्नीमन’ म्हणतात. त्यात प्रवास नाही. फ्रेंच ‘जुर्ने’ म्हणजे दिवसभराचे काम, आणि त्या दिवसाची मजुरी घेणारा तो जर्नीमन. आपला ‘रोजंदार’ अगदी त्याच मापाचा, फारसी ‘रोज’ म्हणजे दिवस. त्यावरची पायरी उस्तादाची. तिथे किमान ३०० थरांचे पाते घडवून दाखवावे लागते.

पारखीला पाच सुऱ्या मांडायच्या. त्याआधी एका सुरीची कठोर कसोटी उस्तादासमोर पार पडलेली असावी लागते. अधांतरी लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग बांधकामाच्या लाकडाच्या दोन फळ्या तोडायच्या. त्यानंतर त्याच धारेने हातावरची लव काढून दाखवायची. आणि शेवटी पाते शिकंज्यात आवळून काटकोनात वाकवायचे. ते तुटता कामा नये. लव काढण्याइतकी कडक धार आणि काटकोनात वाकण्याइतकी लवचीक पाठ, ही दोन्ही एकाच पात्यात आणायची तर सगळी मदार एका क्षणावर असते. तापून लाल झालेले पाते तेलात किंवा पाण्यात बुडवायचे तो क्षण.

इंग्रजीत त्याला ‘क्वेंच’ म्हणतात. मुळात त्याचा अर्थ विझवणे. आग विझवणे, आणि तहान भागवणेही. मराठीत आपण म्हणतो, ‘पाणी देणे’. जुन्या बोलीत त्याहून स्पष्ट, ‘पाणी पाजणे’. तिथे मला भावाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर सापडले. आपल्या भाषेत लोखंडाला तहान लागते. भट्टीतून निघालेले पाते तहानलेले असते आणि लोहार त्याला पाजतो.

ही कल्पना आपली आजची नाही. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा एक अध्याय आहे. पात्याला असे कडक करण्याच्या क्रियेला तिथे शब्द आहे ‘पायना’, म्हणजे पाजणे. ही पायना तीन तऱ्हांची सांगितली आहे: क्षारात, पाण्यात आणि तेलात. हाडात रुतलेला बाण काढण्याला वा हाड कापण्याला क्षार प्यालेले शस्त्र, मांस कापायला पाणी प्यालेले, आणि शीर टोचायला तेल प्यालेले. धार कशी असावी तेही लिहिले आहे. कुठल्या कामाला मसुराच्या डाळीइतकी, कुठल्या कामाला केसाइतकी, तर छेद घ्यायला केसाच्या निम्म्या जाडीची. धार लावायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि ती टिकवायला सावरीच्या लाकडाची फळी. आणि शस्त्र तयार झाले हे ओळखायचे कसे? त्याने अंगावरचा केस कापला गेला पाहिजे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याची कसोटी आणि अटलांटातल्या परीक्षेची कसोटी एकच निघाली. ते मी भावाला तिथेच सांगितले, तेव्हा त्याने नकळत स्वतःच्या मनगटाकडे पाहिले. डाव्या हातावर चार बोटे जागा साफ गुळगुळीत होती.

‘पायना’ हा शब्द आज कुणी बोलत नाही, पण त्याची लेकरे घरात आहेत. ‘पाजणे’ आहेच. ‘पाजवणे’ म्हणजे धार लावणे. खेड्यात ‘कोयता पाजवून आण’ असे अजून ऐकू येते. लोखंडाला पाजणे आणि लोखंडाला धार लावणे ही दोन कामे भाषेने शेजारी बसवली. ‘शस्त्रे पाजळणे’ यातला शब्द मात्र वेगळ्या घरचा. तो प्रज्वलनातला, दिवा पाजळण्यातला. दोन्ही इतके सारखे ऐकू येतात की पाणी आणि आग एकमेकांच्या जागी सहज उभी राहतात. सुश्रुतांनी धार लावण्याला वापरलेला ‘निशान’ हा शब्द आपल्या ‘निसणा’ या धारेच्या दगडात उरला आहे. ‘शाण’ उरली सहाणेत, फक्त तिच्यावर आता चंदन उगाळतात.

मग दुसरे पाणी आठवले, माझ्या तोंडून निघालेले. पात्यावर दिसणाऱ्या लाटांचे. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी, आणि चकाकीही. मोत्याला आब असते, तलवारीला आब असते. इंग्रजी ग्रंथांतही अशा पोलादाला पाण्याचेच नाव दिलेले आढळते, ‘वॉटर्ड स्टील’. ‘पोलाद’ हा शब्द मराठीने फारसीतून घेतला तो मूळचा ‘प’ सांभाळून. हिंदीत अरबी वळण घेऊन त्याचे ‘फौलाद’ झाले.

लाटांचे पोलाद दोन प्रकारचे. माझ्या हातातल्या सुरीवर होते ते थरांचे: दोन जातींचे पोलाद एकावर एक रचून, तापवून, ठोकून एकजीव करायचे, दुमडायचे, पुन्हा ठोकायचे. दुसरे मुशीत वितळवून केलेले. त्यात थर नसतात. पोलादाच्या कण्यांची आतली मांडणीच लाटांसारखी बाहेर येते. एका टेबलावर अशी एक सुरी होती आणि तिच्या चिठ्ठीवर लिहिले होते ‘वूट्झ’. तो शब्द वाचून मी थबकले, कारण त्याचा प्रवास मुंबईहून सुरू झाला आहे. १७९४ मध्ये मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध लिहिला आणि त्याच्या मथळ्यात हे पोलाद मुंबईत तयार होते व तिथे त्याला वूट्झ म्हणतात, असे नोंदवले. खरे म्हणजे ते तयार होई दक्षिणेत, कानडी, तेलुगू आणि तमिळ मुलखात. कानडीत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात आणि अभ्यासक त्याचा संबंध वितळण्याच्या द्राविडी शब्दाशी जोडतात. उक्कुचे वूट्झ झाले ते कुणाचे तरी हस्ताक्षर वाचताना, असे एक मत आहे. पुढे मायकेल फॅरडे यांनी याच पोलादाचा अभ्यास केला. विसाव्या शतकाच्या अखेरीस फ्लोरिडातले नालबंद आल्फ्रेड पेंड्रे आणि धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन यांनी प्रयोग करून दाखवले की खनिजातल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंचे नखभर अंशही या लाटा घडवतात. तो मान खाणीचाही होता आणि ती माती ओळखणाऱ्या माणसांचाही. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, पण त्यांच्या भाषेतला एक शब्द, चुकीच्या स्पेलिंगात का होईना, अटलांटातल्या चिठ्ठीवर पोचला.

उलट दिशेनेही वाहतूक झाली. सतराव्या शतकात युरोपातली लांब, सरळ पाती दख्खनेत येत आणि त्यांना इथल्या मुठी बसत. मराठ्यांनी त्या तलवारीला नाव दिले ‘फिरंग’. एका लोकसमूहाचे नाव, फ्रँक, ते फारसीतून फिरत येऊन तलवार झाले.

‘आब’ मात्र तलवारीवरून उतरून माणसात आली, आणि हा प्रवास मला सर्वांत सुंदर वाटतो. आपण ‘आब राखून’ वागतो. ‘अब्रू’ हा शब्द फारसीत आब आणि रू मिळून झाला आहे. रू म्हणजे चेहरा. चेहऱ्याचे पाणी ती अब्रू. मराठीने आपल्या पाण्याचेही तेच केले. एखाद्याचे पाणी जोखतो, कुणी कुणाला पाणी दाखवतो, एखाद्याचे डोळे पाणीदार असतात. आणि ‘धार’? कोशकार धारेच्या दोन नोंदी वेगळ्या करतात, वाहणारी एक आणि कापणारी दुसरी. बोलणाऱ्याच्या जिभेवर त्या एकच. गाईची धार, पावसाची धार, विळीची धार. पाते प्यायले, त्यातून धार निघाली, असे वाटावे इतके हे शब्द एकमेकांच्या शेजारी वाढले.

हे शब्द ज्यांच्या हातांत होते ती माणसे आपल्याकडे होती आणि अजून आहेत. सांगली-साताऱ्याकडे ‘शिकलगार’ हे आडनाव सर्रास भेटते. अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून चकाकी आणणे, त्याला फारसी ‘गर’ जोडला. तलवारींना धार आणि चकाकी देणारा तो शिकलगार. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत सायकलीला सहाण जोडलेले एक काका येत. पाते दगडावर फिरले की ठिणग्या उडत, आणि दर चार-दोन फेऱ्यांनी ते पाते डब्यातल्या पाण्यात बुडवत. मी विचारले होते, का? “तापलं तर पाणी उतरतं, पोरी,” ते म्हणाले होते. तेव्हा मला तो नुसता शब्द वाटला. त्यात धातुशास्त्राचा एक अख्खा धडा आहे, हे अटलांटात उमगले. फार तापले की पोलादाचा कडकपणा खरोखरच उतरतो. आपण शब्द सांभाळले, पण त्यांच्यामागचे हात नजरेआड होऊ दिले, याची मला त्या दालनात खंत वाटली. तिथे घडवणाऱ्याचे नाव पात्यावर कोरलेले असते आणि लोक त्याला भेटायला मैलोगणती येतात. आपल्या गावच्या लोहारापर्यंत आपण शेवटचे कधी गेलो?

त्या रात्री भावाने गॅरेजात भट्टी पेटवली. आठवडाभर घासून ठेवलेले पाते त्याने आत सरकवले. लाल झाल्यावर काढून त्याला चुंबक लावून पाहिला. चिकटला नाही, म्हणजे वेळ झाली. थोडे आणखी तापवून त्याने ते कोमट कनोला तेलाच्या उभ्या डब्यात सरळ खाली सोडले. क्षणभर ज्योत उठली, आणि आतून आवाज आला, उन्हातून आलेल्या माणसाने तांब्या तोंडाला लावल्यावर येतो तसा.

भाऊ चिमटा तसाच धरून कान देऊन उभा होता. आवाज थांबला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले.

“प्यायली गं, ताई,” तो म्हणाला.